कोंडिविटा ते मरोळ : आमच्या पॅरिशची गोष्ट मराठीत

पाखाडीकर

माझी भाची गेल्या महिन्यात अंधेरीच्या सीप्झ या निर्यात उद्योगक्षेत्रातल्या एका दागिन्यांच्या कंपनीत नोकरीला लागली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "मामा, आमच्या आवारात एक मोडकं चर्च आहे. छप्पर नाही, भिंतींवर झाडं उगवलीत. कंपन्यांच्या मधोमध हे कुणी बांधलं?" मी म्हटलं, अगं, उलट आहे. चर्चच्या भोवती कंपन्या आल्या. आणि ते चर्च आपलं आहे. तुझ्या पणजीच्या पणजीचा बाप्तिस्मा तिथलाच असणार.

फोनवर जमलं तेवढं सांगितलं. पण ठेवल्यावर लक्षात आलं की आमच्या पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांची, ही गोष्ट मी मराठीत कधी वाचलेलीच नाही. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, स्मरणिका घरी आहेत, त्या सगळ्या इंग्रजीत. त्याआधीच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये. ज्यांची नावं त्या नोंदींत आहेत ती माणसं शेतात, विहिरीवर, भांडताना आणि मरताना मराठीच बोलत होती. म्हणून इथे लिहायला घेतोय. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, मरोळ गावठाणातला ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मूळचा मराठी बोलणारा कॅथलिक आहे. चुकलं तर दुरुस्त करा.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसईच्या तहात हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी बेट आलं, म्हणजे आजची वांद्र्याच्या पुढची सगळी उपनगरं. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. फ्रान्सिस्कन पाद्री आधी आले, त्यांच्यामागून जेझुइट. हे दोन्ही कॅथलिक पाद्रींचे संघ. अंधेरीच्या पूर्वेला टेकड्यांच्या कुशीत कोंडिविटा हे शेतकऱ्यांचं गाव होतं. तिथे जेझुइटांनी १५७९ मध्ये चर्च बांधलं आणि १५८८ साली संत योहान बाप्तिस्ताच्या सणाला ते लोकांसाठी खुलं झालं. हा सण २४ जूनचा. म्हणजे ऐन पावसात, लावणीच्या तोंडावर. मला नेहमी वाटतं, चिखलाच्या पायांनीच लोक आत गेले असतील.

अडीचशे वर्षं गावाचं सगळं त्या एका इमारतीभोवती चाललं. मधे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, साष्टी मराठ्यांकडे आली, युरोपी पाद्री निघून गेले. त्यांच्या जागी गोव्याहून आलेल्या आपल्याकडच्याच पाद्रींनी ही गावं सांभाळली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. राज्यकर्ते दोनदा बदलले, चर्च तिथेच.

ते हलवलं साथीनं. १८४० मध्ये कोंडिविट्यात रोगाची साथ आली, माणसं मेली, उरलेल्यांपैकी बहुतेकांनी गाव सोडलं आणि पायी अर्ध्या तासावरच्या मरोळला येऊन राहिली. पाद्रीही त्यांच्याबरोबर आले. जुन्या चर्चमधलं नेता येण्यासारखं होतं ते नेलं आणि मरोळला नवीन चर्च उभं राहिलं. ते आजचं सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. जुनं मागे उघडं पडलं, छप्पर गेलं, वड-पिंपळांनी भिंती धरल्या. आजी म्हणायची, लहानपणी गुरं चारायला गेलेली पोरं दुपारी त्याच्या सावलीत झोपायची.

१९७३ मध्ये सीप्झ झालं आणि ते पडकं चर्च कुंपणाच्या आत गेलं. आता एरवी आत जायला पास लागतो. पण वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, तिथे मिस्सा, म्हणजे पाद्रींनी वेदीवर करायची मुख्य उपासना, होते. त्या दिवशी गेट उघडतं. म्हाताऱ्या बायका लुगडं नेसून येतात, छप्पर नसलेल्या वेदीपुढे खुर्च्या मांडतात, डोक्यावर छत्र्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मिस्सा चालू असताना वरून विमान गेलं, पाद्रींचा शब्द ऐकू येईना, ते थांबले, सगळे थांबले. विमान गेल्यावर त्यांनी तेच वाक्य पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. ते मला अजून आठवतं.

आता मरोळबद्दल. आजीच्या तरुणपणी हे खेडंच होतं. भात, भाजीचे मळे, विहिरी. दूरच्या पाखाड्यांतून, म्हणजे वाड्यांतून, माणसं रविवारी चालत मिस्साला यायची, चपला हातात घेऊन, दारात पाय धुऊन घालायची. मग विमानतळ वाढला, कारखाने आले, अंधेरी-कुर्ला रस्ता भरला. गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे कॅथलिक नोकरीसाठी आले आणि भाड्यानं राहिले, मग घरं घेतली. एका पॅरिशला पुरेनासं झालं. आज चकाल्यात होली फॅमिली आहे, मरोळमध्येच संत व्हिन्सेंट पलोटींचं चर्च आहे. बांधावरून मिस्साला चालत येणारी आजी आज असती तर तिला मेट्रोचं स्टेशन लागलं असतं.

बाकीच्यांच्या पॅरिशच्या गोष्टी ऐकायच्या आहेत. वसई, उत्तन, गोराई, बोरिवली, डोंबिवली, कुठल्याही.

सोनचाफा_वसई

धागा वाचून फार बरं वाटलं. मी वसईची, कुपारी, म्हणजे तिथल्या जुन्या मराठी कॅथलिक समाजातली. आमच्याकडे पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात, डायोसिसला 'धर्मप्रांत'. पॅरिश प्रीस्ट म्हणजे 'प्रमुख धर्मगुरू'. हे शब्द आम्हाला इतके अंगवळणी आहेत की मुंबईत लग्न होऊन आले तेव्हा चर्चमधली सगळी घोषणा इंग्रजीत ऐकून परक्या घरात आल्यासारखं वाटलं होतं.

तुम्ही म्हणता तशी मराठी आमच्याकडे का टिकली आणि साष्टीत का मागे पडली, यावर मी बराच विचार केलाय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२ ते ६५) सगळीकडे लॅटिनच होती. परिषदेनं लोकभाषेत मिस्सा करायची परवानगी दिली, तेव्हा प्रश्न आला की लोकभाषा कोणती. वसईत उत्तर सोपं होतं. गावंच्या गावं कॅथलिक, शाळा मराठी माध्यमाच्या, आणि पाद्री त्याच गावांतल्या वाड्यांमधून आलेले. 'सुवार्ता' मासिक १९५५ पासून घरोघरी येतच होतं. आमच्या घरी तर आजोबा मिस्साला जायच्या आधी ते वाचून काढायचे. साष्टीत तोवर बाहेरून आलेल्या कॅथलिकांची संख्या गावठाणातल्यांपेक्षा वाढली होती. गोवेकर, मंगळुरी आणि ईस्ट इंडियन यांना एकत्र बसवणारी भाषा म्हणून इंग्रजी आली. कुणी मराठीचा दुस्वास केला असं नाही.

आमचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे, ज्यांनी तुकारामांवर पीएच.डी. केली. आणि 'सुवार्ता'चे माजी संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या दिवशी आमच्या गावात फेस्तासारखं वातावरण होतं. हे मी मिरवायला सांगत नाही. एका धर्मग्रामात भाषा नीट रुजली की पुढे काय उगवतं ते सांगतेय.

अजून एक. धर्मग्राम म्हणजे फक्त प्रार्थना नव्हे. आमच्या बँकेची सुरुवातही चर्चच्या माणसांनीच केली, १९१८ मध्ये, मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी. केळी आणि पानवेलीच्या बागायतदारांना सावकारापासून सोडवायचं होतं. आज ती बेसिन कॅथलिक बँक. साष्टीतल्या पॅरिशांनी असं काही केलं का?

गिरिदुर्ग

उत्तम धागा. मी ख्रिस्ती नाही, लेणी आणि किल्ले हिंडतो. कोंडिविटा म्हणजे आमच्यासाठी महाकाली लेणी. त्याच गावच्या टेकडीवर बौद्ध लेणी आहेत आणि त्यातल्या चैत्यगृहात स्तूपाभोवती कातळातच कोरलेली गोल झोपडी आहे. बिहारमधल्या बराबरच्या सुदामा लेण्याची आठवण करून देणारी. महाराष्ट्रात अशी रचना फार दुर्मीळ. म्हणजे त्या गावात भिक्षूही राहून गेले आणि मग जेझुइट आले.

एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. पोर्तुगीज काळातलं धर्मांतर सगळंच स्वखुशीचं नव्हतं. देवळं पाडली गेली, त्यांची इनामं चर्चकडे गेली. पॅरिशचा इतिहास लिहिताना हा भाग कुठे ठेवायचा?

दुसरं, १७३९ नंतर वसईच्या चर्चच्या घंटा मराठे सरदार घेऊन गेले. मेणवलीच्या घंटेवर १७०७ आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१. मी दोन्ही पाहिल्या आहेत. नारोशंकराच्या देवळात ती वाजताना ऐकणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की ती कुठली?

पाखाडीकर

गिरिदुर्ग, राग कसला. हा भाग पहिल्याच पानावर ठेवायचा. माझ्या पूर्वजांपैकी कोण विश्वासानं गेलं, कोण कर माफ व्हावा म्हणून, कोण भीतीनं आणि कोण पाटील गेला म्हणून, हे मला कधीच कळणार नाही. सगळ्या प्रकारचे असतील. गावं बहुधा एकेकटी नाही, भावकीनं मिळून गेली. म्हणून तर आमच्यात जुन्या जातीपातीच्या ओळखी आणि लग्नाच्या चालीरीती राहिल्या.

पण एक गोष्ट मला त्यापेक्षा मोठी वाटते. १७३९ मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली. सक्ती करणारा गेला, सवलत देणाराही गेला. वसईच्या शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माची मोकळीक होती, पण आधार काहीच नव्हता. परत जायचं असतं तर तेव्हा वाट मोकळी होती. कोंडिविट्याची माणसं तेव्हा पुढच्या शंभर वर्षांसाठी, त्याच चर्चमध्ये, आपल्यासारख्याच सावळ्या पाद्रींच्या हाताखाली राहिली. त्यांनी ते स्वतः निवडलं. माझ्या दृष्टीनं आमच्या पॅरिशचा खरा जन्म १५७९ चा नसून १७३९ नंतरचा आहे.

सोनचाफा, बँकेचं विचारलंत. साष्टीत त्याच १९१८ साली वांद्र्याला सालसेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. तुमच्याकडे शेतीसाठी कर्ज हवं होतं, इकडे राहायला जागा. दोन्ही गरजा पॅरिशच्या ओट्यावरच बोलल्या गेल्या असणार.

आयसीकर

बोरिवलीची गोष्ट सांगतो, कारण गिरिदुर्गांच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे.

आयसी कॉलनीतलं आयसी म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शन, आमच्या चर्चचं नाव. बाजूलाच मंडपेश्वर लेणी. मूळ शैव लेणं, आत नटराज आहे, शिवपार्वतीचं लग्न आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो यांनी त्या लेण्यातच प्रार्थनास्थळ केलं आणि वर टेकडीवर मठ व शिक्षणसंस्था उभारली. वरच्या इमारतीचे अवशेष अजून आहेत. खाली लेण्यात एका भिंतीवर मोठा क्रूस कोरलेला आहे. १७३९ नंतर लेणं पुन्हा शंकराचं झालं. आज पुरातत्त्व खात्याकडे आहे, महाशिवरात्रीला रांग लागते.

मी तिथल्याच शाळेत शिकलो. मधल्या सुट्टीत आम्ही लेण्यात खेळायचो. एकाच भिंतीच्या अलीकडे नटराज आणि पलीकडे क्रूस बघत मोठा झालो. लहानपणी त्यात काही विचित्र वाटलं नाही. मोठेपणी वाचलं तेव्हा वाईट वाटलं, की कुणाच्या तरी देवावर भिंत बांधून माझी प्रार्थना सुरू झाली होती. ते वाईट वाटणं मी सोडू इच्छित नाही. आणि माझी प्रार्थनाही सोडू इच्छित नाही.

टेकडीवरच्या फ्रान्सिस्कन ब्रदर्सचा संघ मात्र पुढचा, १९०१ सालचा, ब्रदर पाउलुस मोरित्झ या जर्मन माणसानं काढलेला. अनाथ मुलांसाठी काम, शाळा, शेती. पुढे चर्चच्या भोवती कॅथलिक कुटुंबांच्या सोसायट्या झाल्या. बहुतेकांची नावं संतांची. माझे वडील गिरगावातल्या एका खोलीतून इथे आले तेव्हा स्टेशनपासून पुढे दिवे नव्हते, रात्रीच्या मिस्साहून कंदील घेऊन यायचे. आज नाताळात इथली रोषणाई बघायला मालाडहून माणसं येतात.

निळी_शाई

मी सगळं वाचतेय आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. मुंबईच्या पॅरिशांत मराठी बोलणारे फक्त ईस्ट इंडियन आणि वसईकर नाहीत. आम्हीही आहोत. नगर, जालना, संभाजीनगरकडचे.

आमचा ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांचा नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा, जर्मन जेझुइटांचा, दुष्काळाचा आणि महार-मांग वस्त्यांचा. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली केंदळला 'निरोप्या' मासिक सुरू केलं, ते अजून निघतं. माझे आजोबा 'निरोप्या' वाचूनच मोठ्यानं वाचायला शिकले.

१९७२ च्या दुष्काळात वडील मुंबईला आले. झोपडपट्टीत राहिलो, रविवारी जवळच्या पॅरिशमध्ये जायचो. कुठली ते सांगत नाही, आता तिथे चांगली माणसं आहेत. इंग्रजी मिस्सात आई शेवटच्या बाकावर बसायची. तिला काही कळायचं नाही, पण ती गुडघे टेकायची तेव्हा सगळ्यांच्या आधी टेकायची, कारण घंटा तिला कळायची. कम्युनिअनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, रांगेत पुढच्या बाया तिच्या साडीकडे बघायच्या. पाद्रींना भेटायला गेलं की आधी विचारायचे, "बाप्तिस्म्याचा दाखला आहे का?" आमचा दाखला गावाला. आणायला दोन दिवसांची मजुरी जायची.

मग एका तरुण पाद्रींनी महिन्यातून एकदा मराठी मिस्सा सुरू केली. हार्मोनियम, तबला, अभंगाच्या चालीवरची भक्तिगीतं. पहिल्या मिस्साला आम्ही पंधरा-वीस जण होतो. आईनं त्या दिवशी वाचन केलं. ती शाळेत चौथीपर्यंत गेली होती. 'प्रभूचा शब्द' म्हणून ती थांबली आणि सगळ्यांनी उत्तर दिलं, तेव्हा ती वेदीवरून खाली येईना. तिला वाटलं अजून कुणीतरी काही बोलेल.

पाखाडीकर, पॅरिशच्या वाढीची गोष्ट लिहाल तर त्यात त्या शेवटच्या बाकाला जागा द्या.

पाखाडीकर

ताई, देणार. आणि एक कबूल करतो. आमच्या गावठाणातही तुमच्या माणसांना 'बाहेरचे' म्हणायची सवय होती. मी स्वतः म्हटलेलं आहे. मराठी मिस्सा आमच्यासाठी आहे असं ईस्ट इंडियनांना वाटायचं, आणि प्रत्यक्षात तिला येणारे निम्म्याहून जास्त नगरकडचे. आमची पोरं इंग्रजी मिस्साला. ज्या भाषेसाठी आम्ही हळहळतो ती आमच्या पॅरिशमध्ये तुम्ही जिवंत ठेवली.

कोकणी_माणूस

छोटी शंका. ख्रिस्तपुराण साष्टीत लिहिलं गेलं असं वाचलंय, मग ते याच भागातलं ना? अंधेरी-मरोळकडचं?

सोनचाफा_वसई

नाही, हा घोळ खूप जणांचा होतो. साष्ट्या दोन. गोव्यातही साष्टी आहे, मडगाव आणि राशोल आहे ती. तिचंही नाव सहासष्ट गावांवरूनच. ख्रिस्तपुराण लिहिणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स तिकडे राहायचे. १६१६ मध्ये राशोलला ख्रिस्तपुराण छापलं गेलं. पण वसईत त्याचं वाचन उपवासकाळात व्हायचं असं आमच्या घरी आजही सांगतात. ओव्या आहेत, गाता येतात, त्यामुळे निरक्षर बायकांनाही पाठ होत्या.

दूरदेशी

कॅनडातून लिहितोय, मिसिसागा. आजोबांचे वडील मरोळकडचे, पुढे कुटुंब कुर्ल्याला गेलं, मग इकडे. मुलाला शाळेत वंशवेल काढायला सांगितलाय आणि मी आजोबांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. जुन्या नोंदी मिळतात का? काय विचारायचं असतं?

नोंदवही

मी एका पॅरिशच्या ऑफिसात एकवीस वर्षं काम केलं, म्हणून सांगू शकते.

प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवाव्याच लागतात, तो चर्चचा कायदा आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचं नाव, जन्माची आणि संस्काराची तारीख, आईवडील, धर्ममातापिता (गॉडपेरेंट्स) आणि पाद्रींची सही. आता खरी गंमत समासात असते. १९०८ पासून नियम आहे की माणसाचं लग्न कुठेही झालं तरी ते त्याच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायचं आणि तिथे मूळ नोंदीशेजारी लिहायचं. म्हणजे तुमच्या पणजोबांचं लग्न कुर्ल्यात झालं असेल आणि नंतरचं असेल, तर मरोळच्या वहीच्या समासात कुर्ला सापडेल. निळी शाई यांच्या आईंकडून दाखला मागत ते याच कारणानं. आमच्या हातात नियम होता, पण दोन दिवसांची मजुरी जाते हे आम्ही लक्षात घ्यायला हवं होतं. आता आम्ही स्वतः त्या पॅरिशला पत्र पाठवतो.

दूरदेशी, तीन गोष्टी जमवा. पहिली, गावठाणाचं किंवा पाखाडीचं नाव. आडनावावरून शोधता येत नाही, डिमेलो आणि परेरा पानापानावर असतात. दुसरी, सालाचा अंदाज, पाचदहा वर्षं इकडेतिकडे चालेल. तिसरी, धर्ममातापित्यांचं नाव कुणाला आठवतंय का ते. एकाच नावाचे दोन भाऊ-चुलतभाऊ निघाले तर तेच वेगळे करतात. आणि जुनी नोंद पोर्तुगीजमध्ये असली तर घाबरू नका, वाक्यं ठरलेली असतात, दहा नोंदी वाचल्या की अकरावी आपोआप वाचता येते.

एक विनंती. पॅरिशच्या ऑफिसात बाई एकटी असते आणि बाहेर मर्तिकाची माणसं उभी असतात. नाताळ आणि पास्काच्या (ईस्टरच्या) आधीचे पंधरा दिवस सोडून लिहा.

आयसीकर

नोंदवही, ही माहिती वेगळी साठवून ठेवली. एक विचारायचं होतं. जुन्या पॅरिशची हद्द तोडून नवीन पॅरिश केली की वह्या कुठे जातात?

नोंदवही

जुन्या वह्या जुन्याच पॅरिशमध्ये राहतात. नवीन पॅरिश ज्या दिवशी बिशपांच्या आदेशानं उभी राहते त्या दिवसापासून तिची पहिली वही सुरू होते. मी एका नव्या पॅरिशची पहिली वही उघडताना पाहिली आहे. पत्र्याच्या शेडमध्ये मिस्सा होती, चर्च बांधायला पैसे गोळा व्हायचे होते. पण वही आधी आली. पहिली नोंद रिक्षा चालवणाऱ्याच्या मुलीची होती. फादरांनी तिचं नाव इतक्या सावकाश लिहिलं की बाळ रडायला लागलं.

गिरिदुर्ग

या धाग्यामुळे शनिवारी महाकाली लेण्यांकडे पुन्हा जाऊन आलो. येताना कोंडिविटा गावठाणातून चाललो. गल्लीच्या तोंडाशी क्रूस, ताज्या झेंडूचा हार घातलेला, खाली मेणबत्तीचं मेण. एका आजींना विचारलं, हा किती जुना. म्हणाल्या, "माझ्या सासूच्या सासूनं लावला, साथीत घरातलं एक पोर वाचलं म्हणून."

पाखाडीकर

तो क्रूस मला माहीत आहे. मे महिन्यात संध्याकाळी बाया तिथे रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात. रोझरी संपली की उकडलेले चणे वाटतात, लहानपणी आम्ही त्यासाठीच जायचो.

अशा क्रूसांबद्दल एक सांगायचं राहिलं. चर्च मरोळला गेलं, पण मागे राहिलेल्या पाखाड्यांना रोज तिकडे जाता येत नव्हतं. पाद्रीही फेस्तालाच फिरकायचे. तेव्हा क्रूस हेच त्यांचं चर्च होतं. रस्ता रुंद करताना अनेक क्रूस हलवले गेले. काही इमारतींच्या पार्किंगमध्ये आहेत. आगेऱ्याला, म्हणजे ऑक्टोबरातल्या नव्या भाताच्या सणाला, लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. आता आमच्याकडे शेत नाही, लोंब्या वसईहून किंवा पनवेलकडून आणाव्या लागतात. तरी नेतात. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवर वाजतगाजत उंबराचं पाणी आणायला जातात. विहीर बुजलेली असली तर बिल्डिंगच्या टाकीवर जातात, आणि गाणी तीच.

भाचीला हा धागा वाचायला दिला होता. काल जेवणाच्या सुट्टीत ती पडक्या चर्चपाशी जाऊन आली. फोटो पाठवलेत. एका कमानीच्या दगडावर पिंपळाच्या मुळांनी पकड घेतलीय, ते मूळ कापलं तर भिंत पडेल आणि ठेवलं तरी पडेल, असं तिच्या कंपनीतल्या एका इंजिनिअरनं तिला सांगितलं म्हणे. यंदाच्या मिस्साला ती सुट्टी न घेता आतूनच येणार आहे, तिच्याकडे पास आहे. म्हणाली, तुमच्यासाठी पुढच्या खुर्च्या धरून ठेवते.

मी रविवारपासून क्रूसांची यादी करायला घेतोय. मरोळ, कोंडिविटा, चकाला, मुळगाव, गुंदवली, सहार. जागा, कोरलेलं साल असलं तर साल, कुणाच्या घरानं लावला, आणि हलवला असेल तर मूळ जागा कुठे. कुणाकडे जुने फोटो असतील तर इथेच टाका. फोटोत मागे भिंत, झाड, विहीर काहीही दिसत असलं तरी चालेल, त्यावरून जागा ओळखता येते. नोंदवही ताई, तुमच्याकडे एका रविवारी येतो, वही कशी आखायची ते दाखवा.

निळी_शाई

यादीत मरोळ पाइपलाइनजवळचा एक लाकडी क्रूस घ्या. जुना नाही. आमच्या वस्तीतल्या माणसांनी लावलाय. आई रोज पाणी भरून येताना तिथे थांबायची.

पाखाडीकर

घेतला. पहिल्या पानावर.